तक्त्यापासून सिद्धतेपर्यंत: एस. वाय. गणिताच्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पुण्यातल्या एका महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. शाळा मराठी माध्यमाची, बारावीनंतर सोलापूर जिल्ह्यातून पुण्यात, राहायला नारायण पेठेत कॉट बेसिसवर. एफ. वाय.ला गुण उत्तम, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बऱ्यापैकी येते, शिवाय तीन ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रे. एस. वाय.च्या सुरुवातीला तिने ठरवले की तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करायचा. ही शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते आणि देशातल्या एखाद्या संस्थेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायला मिळते. अर्जासोबत छोटे निवेदन आणि शिक्षकाची शिफारस द्यावी लागते. निवेदनात दोन गोष्टी याव्या लागतात: पुढे काय करायचे आहे, आणि आजवर संशोधनासारखे काय केले आहे.

तिच्या पहिल्या मसुद्यात लहानपणापासूनची गणिताची आवड होती, रामानुजन यांचे नाव होते, आणि ‘क्रिप्टोग्राफी, मशीन लर्निंग, डेटा सायन्स व नंबर थिअरी या क्षेत्रांत संशोधन करण्याची इच्छा आहे’ असे वाक्य होते. अनुभवाच्या रकान्यात प्रमाणपत्रे. खोटे यात काहीच नव्हते. अडचण अशी, की हा कागद वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यावरून तिला एकही प्रश्न विचारता आला नसता. चार क्षेत्रे लिहिलेली, आणि त्यातल्या एकाही क्षेत्रातला एकही प्रश्न नाही. बहुतेक अर्ज इथेच अडतात. विद्यार्थ्यांकडे बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, तर एखाद्या प्रश्नासोबत चार-पाच महिने राहण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते.

प्रश्नाची निवड

विभागातल्या मॅडमनी सुचवलेला प्रश्न कापरेकरांचा होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे नोकरीची सगळी वर्षे ते देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांच्या हाती लागलेली गोष्ट अशी: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने येणारी संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते.

विषय जुना आहे, त्यात नवे काय सापडणार, असा आक्षेप घेता येतो. पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला नवे प्रमेय सापडावे ही अपेक्षाच चुकीची. या प्रश्नाचे गुण वेगळे आहेत. समजायला पूर्वतयारी लागत नाही, पहिल्याच संध्याकाळी संगणकावर चालवता येतो, आणि अंकांची संख्या किंवा संख्यापद्धतीचा पाया बदलला (म्हणजे दहाऐवजी पाच किंवा बारा अंकांनी मोजले) की लगेच असे प्रश्न उभे राहतात ज्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात मागच्या पानावर नसतात. काय दिसते आणि काय सिद्ध झाले, यांतला फरक शिकायला अशीच जागा हवी.

प्रोग्राम कुठे कुठे फसला

पहिला प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा होता. संख्या घ्यायची, तिची अक्षरमाला (स्ट्रिंग) करून अंक क्रमाने लावायचे, वजाबाकी करायची, ६१७४ येईपर्यंत किंवा शून्य येईपर्यंत फिरायचे. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांवर चालवल्यावर ७७ संख्या शून्यावर गेल्या. जायला हव्या होत्या ९ (११११, २२२२ … ९९९९). उरलेल्या ६८ कुठून आल्या?

त्या ६८ संख्यांची यादी छापून पाहिल्यावर नमुना दिसला: १०००, १०११, २१११, ७६६६ अशा संख्या. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांत १ चा फरक, आणि मधले दोन अंक सारखे. अशा प्रत्येक संख्येची पहिली वजाबाकी ९९९ येते. पायथनच्या पूर्णांकाला डावीकडचे शून्य ठाऊक नसते. त्यामुळे पुढच्या फेरीत ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य. खरे तर ती संख्या ०९९९ आहे: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. अंक ठरावीक लांबीच्या यादीत ठेवले की दोष जातो. मग ८९९१ संख्या नीट ६१७४ ला पोहोचतात. त्यातल्या २१२४ तीन पायऱ्यांत, आणि १९८० ना पुरत्या सात पायऱ्या लागतात.

हा भाग ती अहवालातून काढणार होती, कारण चूक दाखवणे तिला कमीपणाचे वाटले. मॅडमनी तो ठेवायला लावला आणि ते योग्यच केले. ७७ का आले याचे पूर्ण कारण देता येणे हे त्या वेळेपर्यंतचे तिचे सर्वांत चांगले गणित होते.

दुसरी अडचण पाच अंकांवर आली. प्रोग्राम थांबेचना. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवूनही उत्तर नाही. कारण लूपची अट ‘स्थिर संख्या (जिच्यावर हीच क्रिया केली की तीच परत येते ती) येईपर्यंत फिर’ अशी होती, आणि पाच अंकांत अशी संख्याच नाही. ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि त्यावरून पुन्हा ५३९५५. याशिवाय चार-चार संख्यांची आणखी दोन चक्रे आहेत: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ हे एक, ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ हे दुसरे. उत्तर गृहीत धरून लिहिलेली अट म्हणजे उत्तर शोधणे नव्हे. आलेली प्रत्येक संख्या संचात टाकत जायची आणि जी पुन्हा दिसेल तिथे चक्र सुरू झाले असे समजायचे, हा उपाय. पाच अंकी संख्या मर्यादितच आहेत, त्यामुळे कधीतरी पुनरावृत्ती होणारच. हे तिने स्वतंत्र विधान म्हणून लिहून सिद्ध केले. वर्गात शिकलेले खुराड्यांचे तत्त्व (खुराड्यांपेक्षा कबुतरे जास्त असतील तर एखाद्या खुराड्यात दोन येतातच) पहिल्यांदाच कामाला आले. नव्या प्रोग्रामने दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ हे चक्र दिले, तर सहा अंकांत ५४९९४५ व ६३१७६४ या दोन स्थिर संख्या आणि ४२०८७६ पासून सुरू होणारे सात संख्यांचे चक्र.

वेगाचा प्रश्न दहा अंकांवर आला. १०,००,००,००,००० संख्या एकेक करून तपासण्यात अर्थ नाही. पण उत्तर अंकांच्या क्रमावर अवलंबून नाही, कोणते अंक किती वेळा आले एवढ्यावरच आहे. दहा अंकांसाठी असे फक्त ९२,३७८ संच होतात. चार अंकांसाठी तर याहून कमी लागतात. मोठ्यात मोठा व लहानात लहान अंक यांचा फरक फ, मधल्या दोघांचा फरक म. मग वजाबाकी नेहमी ९९९फ + ९०म. ०००० ते ९९९९ या दहा हजार संख्यांचा प्रश्न फ आणि म यांच्या ५४ जोड्यांवर आला. ६१७४ म्हणजे फ = ६, म = २. इथे संगणकाने नव्हे, बीजगणिताने वेळ वाचवला. एम.एस्सी.च्या मुलाखतीत सांगण्याजोगी गोष्ट हीच.

पाया दहाच्या वर नेल्यावर अजून एक दोष निघाला. अंक अक्षरे म्हणून लावले की ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येते, त्यामुळे पाया ११ पासूनचे सगळे तक्ते चुकीचे. अंक पूर्णांक म्हणूनच ठेवायचे. आणि अंक सुटे करताना भागाकार पूर्णांकांचाच करायचा. साध्या भागाकाराने दशांश येतात आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे शेवटचे अंक निसटू लागतात.

अर्ध्या पानाची सिद्धता

तीन अंकांसाठी पाया २ पासून २० पर्यंतचा तक्ता तिने छापला. सम पाया असेल तिथे एकच स्थिर संख्या (दहाच्या पायात ४९५), विषम पाया असेल तिथे दोन संख्यांचे चक्र. अपवाद एकही नाही. तिने अहवालात लिहिले: ‘म्हणून सम पायासाठी नेहमी स्थिर संख्या असते.’

मॅडमनी समासात एवढेच लिहिले: ‘हे तुला दिसलं, की तू सिद्ध केलंस?’

सिद्धता अवघड नाही, पण ती शोधायला तिला तीन आठवडे लागले. पाया प, मोठ्या व लहान अंकांचा फरक फ. वजाबाकीचे अंक येतात फ − १, प − १ आणि प − फ. यातला सर्वांत मोठा नेहमी प − १. त्यामुळे नवा फरक म्हणजे प − फ आणि फ − १ यांतला जो मोठा असेल तो. सगळा प्रश्न या एका ओळीत आला. प सम असेल तर फ = प/२ ला नवा फरकही प/२ च. फरक त्याहून मोठा असेल तर दर पायरीला १ ने उतरतो. लहान असेल तर एका उडीत प − फ वर जातो आणि मग उतरू लागतो. जास्तीत जास्त प/२ + १ पायऱ्या, दहासाठी ६. प विषम असेल, समजा २क + १, तर क वरून क + १ आणि क + १ वरून पुन्हा क. पाच पायात हेच १४३ आणि २४२ असे दिसते.

तक्त्यात १९ ओळी होत्या. सिद्धता सगळ्या पायांना लागू होते. हा फरक पुस्तकात वाचून कळल्यासारखा वाटतो, पण हाताने एकदा केल्याशिवाय अंगी बाणत नाही. तिच्या निवेदनाला मजकूर मिळाला तो इथे.

दावा केवढा करायचा

यश मिळाल्यावर चूक होते ती बहुधा मोठ्या दाव्याची. चार अंकांत तिला एक सुंदर कुटुंब सापडले. पाया ५क असेल तर ३क, क − १, ४क − १, २क हे अंक ओळीने लिहिले की स्थिर संख्या मिळते. क = १ ला ३०३२, क = २ ला ६१७४, क = ३ ला अंक ९, २, ११, ६. पडताळणी दोन ओळींची: अंक उतरते लावले की बाहेरचा फरक (फ) ३क आणि आतला (म) क, म्हणजे पुन्हा तीच संख्या. यावरून तिने लिहिले, ‘पाचच्या पटीतल्या प्रत्येक पायात ६१७४ सारखा स्थिरांक असतो.’

यात दोन वेगळी विधाने एकमेकांत मिसळली. स्थिर संख्या असणे वेगळे, आणि सगळ्या संख्या तिच्याकडेच जाणे वेगळे. पाया ५ मध्ये फक्त १४ जोड्या आहेत, त्या कागदावर तपासता येतात, आणि सगळ्या ३०३२ ला जातात. दहाचे ठाऊकच आहे. पण १५ मध्ये ११९ जोड्या आहेत आणि त्यात एक वेगळे चक्र लपले आहे: अंक ७, २, ११, ८ वरून ९, ०, १३, ६, त्यावरून १३, २, ११, २, मग ११, ८, ५, ४, आणि पुन्हा ७, २, ११, ८. या चक्रात अडकलेली संख्या ९, २, ११, ६ ला कधीच पोहोचत नाही. प्रोग्रामला हे का दिसले नाही? कारण स्थिर संख्या सापडली की थांबायचे, असे त्याला सांगितले होते. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. अहवालातला प्रश्न मात्र दुसराच होता.

दुरुस्तीत विधानाचे दोन भाग झाले. ‘स्थिर संख्या असते’ हे सिद्ध. ‘सगळ्या तिकडे जातात’ हे ५ व १० साठी खरे, १५ साठी खोटे, पुढचे तपासायचे.

संदर्भ शोधणे तिने शेवटी ठेवले होते, आणि त्याचा धक्का बसला. दशमान पद्धतीतले सगळे कापरेकर स्थिरांक (६१७४ सारखे, जिथे सगळ्या संख्या जातात ते) प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेंटा यांनी १९८१ सालीच फिबोनाची क्वार्टर्ली या गणिताच्या नियतकालिकात निश्चित केले आहेत. आठवडाभर ती म्हणत होती की काम वाया गेले. तसे नसते. ‘हा निष्कर्ष आधीपासून माहीत आहे, खालील सिद्धता मी स्वतंत्रपणे केली’ हे वाक्य पहिल्याच पानावर प्रामाणिकपणे घातले की अहवालाची किंमत वाढते. ते लपवले तर पहिला जाणकार वाचक ते दोन मिनिटांत शोधून काढतो, आणि मग उरलेल्या पानांवरही विश्वास ठेवत नाही. शोधायची सोपी वाट म्हणजे ४९५, ६१७४, ५४९९४५ हे आकडे ओईआयएस या संख्याक्रमांच्या विश्वकोशात टाकणे. तिथे पुढचे आकडे आणि जुन्या निबंधांचे पत्ते मिळतात. हे पहिल्या आठवड्यात करावे, पण सिद्धता मात्र वाचू नये, स्वतः करून पाहावी.

याच काळात पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्यांचे मेसेज तिला येऊ लागले. उत्तर द्यायचे नाही, एवढेच. अशा छापील निबंधाने चांगल्या ठिकाणचा अर्ज कमजोर होतो.

निवेदन पुन्हा लिहिताना

दुसऱ्या मसुद्यातला अनुभवाचा परिच्छेद असा झाला:

‘कापरेकरांच्या प्रक्रियेचा मी वेगवेगळ्या पायांत अभ्यास केला. तीन अंकांसाठी सम पायात एकच स्थिर संख्या आणि विषम पायात दोन संख्यांचे चक्र येते हे सिद्ध केले. निष्कर्ष ज्ञात आहे, सिद्धता माझी. चार अंकांत पाचच्या पटीतल्या प्रत्येक पायात स्थिर संख्या असते हे दाखवले, आणि पाया १५ मध्ये सगळ्या संख्या तिथे जात नाहीत याचे उदाहरण दिले. प्रोग्राम पायथनमध्ये आहेत; अंकांच्या संचांवर मोजणी केल्यामुळे दहा अंकांपर्यंत पूर्ण तपासणी झाली.’

यात फुगवणारे विशेषण एकही नाही. प्रत्येक वाक्यावर प्रश्न विचारता येतो आणि प्रत्येकाचे उत्तर तिच्याकडे आहे.

उद्दिष्टे यातूनच निघाली. चार क्षेत्रांची यादी गेली. तिने लिहिले की मर्यादित संचावर एखादी क्रिया पुन्हा पुन्हा केल्यावर काय होते, हा तिचा विषय, आणि तो अंकगणित व अल्गोरिदम या दोन्ही बाजूंनी शिकायचा आहे. काय कमी पडते तेही लिहिले: अल्गोरिदमच्या वेळेचे विश्लेषण पद्धतशीर शिकलेली नाही, ग्राफ थिअरी झालेली नाही. उणीव अशी नेमकी लिहिली की मार्गदर्शकाला दोन महिन्यांत काय शिकवायचे ते ठरवता येते. ‘मला खूप शिकायचे आहे’ या वाक्याने ते ठरत नाही.

शिफारसपत्रासाठी तिने मॅडमना तीन आठवडे आधी विचारले, आणि सोबत एक पान दिले: कोणता भाग तिने स्वतः सोडवला, कुठे मदत मिळाली, कोणता दावा मागे घेतला. मागे घेतलेल्या दाव्याचा उल्लेख पत्रात आला तर तो गुणांच्या टक्क्यांपेक्षा जास्त बोलतो.

एका बाबतीत मात्र स्पष्ट असायला हवे. एम.एस्सी.चा प्रवेश बहुतेक ठिकाणी अशा प्रकल्पावर मिळत नाही. जॅम या एम.एस्सी.च्या सामायिक प्रवेश परीक्षेत गणिताच्या पेपरला तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. तिथे निवेदन कुणी वाचत नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट यांच्या लेखी परीक्षांतही रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी असे विषयच विचारतात. प्रकल्पाचा उपयोग उन्हाळी शिष्यवृत्तीत, मुलाखतीत आणि पुढे पीएच.डी.च्या अर्जात. म्हणून आठवड्याला सहा तास प्रकल्पाला, त्याहून जास्त नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात शून्य. सिद्धता लिहायचा सराव हवा असेल तर सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या गणित विभागातून चालणारी माधव गणित स्पर्धा आणि एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या उपक्रमाचे उन्हाळी शिबिर हे दोन मार्ग एस. वाय.च्या विद्यार्थ्याने सोडू नयेत. १९७६ साली गणिती श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या पुण्यातल्या गणित संस्थेतही गणिताच्या मुलांनी एकदा तरी जाऊन यावे. पुण्यात राहून इंटर्नशिपसाठी हिंजवडीकडेच बघत बसायचे कारण नाही.

सध्या काम कुठे आहे

अर्ज गेल्यावर तिने पाया १५ चा प्रश्न पुन्हा हातात घेतला. चक्र का आले, हे तिला कळले आहे. मधला फरक शून्य नसेल तर जोडीतल्या प्रत्येक फरकाची दुप्पट करून तिच्यात आणि १५ मध्ये किती अंतर आहे ते पाहायचे. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर मोठे ते नवा बाहेरचा फरक, लहान ते नवा आतला. या नियमाने ३ वरून ९ आणि ९ वरून ३ येतात. तीच स्थिर संख्या. पण १ वरून १३, त्यावरून ११, मग ७, आणि पुन्हा १ असा चार पायऱ्यांचा फेराही आहे, आणि ३–९ ची जोडी या फेऱ्याशी जुळली की ते चार संख्यांचे चक्र तयार होते. दोन्ही उत्तरे सारखी येतात त्या जोड्या वेगळ्या हाताळाव्या लागतात. तो भाग अजून लिहायचा आहे. त्यानंतरचा प्रश्न असा, की पाचच्या कोणत्या पटींत असा दुसरा फेरा नसतो. चार अंकी स्थिरांकांवर हासे आणि प्रिचेट यांचा १९७८ चा निबंध आहे. तो विभागाच्या कपाटात मॅडमकडे आहे, आणि तिने स्वतःचा तर्क दोन पानांत लिहून दिला की तो तिला मिळणार आहे.